सूर्याचा पीळ

आजोळी माजघराच्या कौलांत कुठेतरी एक फट होती. दुपारी तिथून एक कवडसा खाली उतरायचा आणि आम्ही भावंडं तो तळहातावर झेलायचो. फट वाकडीतिकडी असूनही हातावरचा कवडसा गोल कसा, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. तो गोल असतो कारण ते सूर्याचं चित्र असतं. लहान भोकातून आलेले किरण पलीकडे सूर्याची उलटी प्रतिमा उमटवतात. भोक चौकोनी असो की त्रिकोणी, ते पुरेसं लहान आणि हात त्यापासून पुरेसा दूर असला की कवडसा सूर्याच्याच आकाराचा पडतो. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी ग्रहण लागलं असताना झाडांखाली कोरींचा सडा पडला होता, तो यामुळेच.

या कवडशात एक गणितही आहे. भोकापासून कवडशापर्यंतचं अंतर कवडशाच्या व्यासाच्या साधारण १०७ पट भरतं. तीन मीटरवर पडलेला कवडसा २.८ सेंटीमीटरचा, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा. खरा सूर्यसुद्धा आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या १०७ पटच लांब आहे. अंतर सरासरी १५ कोटी किलोमीटर. त्याला १०७ ने भागा, उत्तर येतं १४ लाख किलोमीटर. हा सूर्याचा व्यास. त्यात एका ओळीत १०९ पृथ्व्या मावतात.

सूर्य जळतो असं आपण सहज म्हणतो, पण तिथे लाकडासारखं काही जळत नाही. गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आणि दाब अफाट, म्हणून हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन यात खर्ची पडतो आणि त्यातलं ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. ही ऊर्जा मात्र लगेच बाहेर पडत नाही. पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखी ती धक्के खात, दिशा बदलत वर सरकते आणि पृष्ठभागी यायला तिला हजारो वर्षं लागतात. तिथून आपल्या अंगणात पोहोचायला फक्त आठ मिनिटं वीस सेकंद.

शेवटच्या दोन लाख किलोमीटरांत तिची वाहतूक बदलते. तिथला वायू पिठल्यासारखा रटरटत असतो. तापलेला वर येतो, उष्णता सोडतो, निवतो आणि कडेने खाली उतरतो. चांगल्या सौरदुर्बिणीतून पाहिलं तर पृष्ठभाग दाणेदार दिसतो आणि त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे वर येणारा एक बुडबुडा. शास्त्रज्ञ याला ग्रॅन्यूल म्हणतात. एका दाण्याची रुंदी साधारण हजार किलोमीटर, म्हणजे गडचिरोली ते मुंबई अख्खा महाराष्ट्र त्यात बसवून थोडी जागा उरेल. आणि एवढा मोठा बुडबुडा आठ-दहा मिनिटांत विरतो, त्याच्या जागी दुसरा येतो.

हा जो रटरटणारा, डोळ्यांना दिसणारा थर, तो दीप्तिगोल किंवा फोटोस्फिअर. तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. आपण याला ‘पृष्ठभाग’ म्हणतो खरं, पण पाय ठेवायला तिथे काहीच नाही. जिथपासून प्रकाश मोकळा सुटतो ती ही जागा, एवढंच.

आता मुद्द्याकडे येतो. सूर्यावरचे डाग, ज्वाला, स्फोट, वादळं ही सगळी नावं बातम्यांत वेगवेगळी ऐकू येतात आणि डोक्यात त्यांचा गुंता होतो. मुळाशी गोष्ट एकच आहे, पिळाची.

सूर्य प्लाझ्माचा बनलेला आहे. वायू इतका तापतो की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. सुट्या विद्युतभारांमुळे त्यातून वीज उत्तम वाहते आणि वीज आली की चुंबकत्व आलंच. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस टाकून, खाली चुंबक धरून ज्या रेषा पाहिल्या होत्या, तशा रेषा या प्लाझ्मात जणू विणलेल्या असतात. प्लाझ्मा वाहील तिकडे त्या ओढल्या जातात. आणि जिथे त्या फार दाट होतात, तिथे उलट त्याच प्लाझ्माला अडवतात.

त्यात सूर्य पृथ्वीसारखा एकसंध फिरत नाही. विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत फेरी पूर्ण करतो, ध्रुवांकडच्या भागाला ३५ दिवसांच्या आसपास लागतात. मधला पट्टा सतत पुढे पळतो, वरचा-खालचा मागे राहतो. उत्तर-दक्षिण ताणलेल्या रेषा मग सूर्याभोवती गुंडाळल्या जातात आणि सुंभाला घालावा तसा त्यांना पीळ बसत जातो. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. सूर्यावर मात्र हा पीळ अधूनमधून तुटतो, आणि तुटतो तेव्हा पृथ्वीवर कळतं.

दोरीला फार पीळ घातला की मध्येच गाठ वर उसळते. तसा चुंबकीय रेषांचा एखादा वेढा आतून उसळून पृष्ठभाग फोडतो. जिथून तो बाहेर येतो आणि जिथे परत आत शिरतो, त्या दोन जागी डाग दिसतात. म्हणून सौरडाग बहुधा जोडीने असतात, एकाचं चुंबकत्व उत्तर तर दुसऱ्याचं दक्षिण. तिथे रेषा इतक्या दाट असतात की खालून वर येणारा तापलेला वायू अडतो. पिठल्याचं रटरटणं तेवढ्या भागात थंडावतं आणि तापमान ५,५०० वरून साडेतीन-चार हजार अंशांवर येतं. डाग काळा दिसतो तो शेजारच्या झगझगाटामुळे. भर दुपारी अंगणात लावलेला बल्ब दिसतो का? तोच प्रकार. एखादा मोठा डाग उचलून एकटाच रात्रीच्या आकाशात ठेवता आला, तर तो पौर्णिमेच्या चंद्राहून उजळ दिसेल.

डागांमध्ये चुंबकत्व आहे हे १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरून दाखवलं. चुंबकत्व मोजायच्या गॉस या एककात पृथ्वीचं चुंबकत्व साधारण अर्धा गॉस, डागांतलं हजारो गॉस. लगेच पुढच्या वर्षी आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना दिसलं की डागाच्या करड्या किनारीतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो. जगभरच्या पुस्तकांत त्याला आजही एव्हरशेड परिणाम म्हणतात.

डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांत वाढते आणि ओसरते. हे हाइनरिक श्वाबे या जर्मन औषधविक्रेत्याने वर्षानुवर्षं चिकाटीने डाग मोजून १८४३ मध्ये मांडलं. तो शोधत होता बुधाच्याही आत फिरणारा एखादा ग्रह. तो मिळाला नाही, सौरचक्र मिळालं. प्रत्येक चक्राच्या ऐन भरात सूर्याचे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुव अदलाबदल करतात, म्हणजे मूळ स्थितीत यायला बावीस वर्षं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये ते ऐन भरात आलं. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत मात्र डाग जवळजवळ दिसेनासेच झाले होते. शिवाजी महाराजांची अख्खी राजकीय कारकीर्द या डागविरहित सूर्याखाली गेली. याचा अर्थ काही लावू नका, फक्त काळ डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगतोय.

जाता जाता एक. या चक्रात सूर्याकडून येणारी एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का इकडेतिकडे होते. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४६ वर गेला की ‘सूर्य तापलाय’ असले संदेश फिरतात. ते पुढे पाठवू नका.

दीप्तिगोलाच्या वर पातळसा वर्णगोल, म्हणजे क्रोमोस्फिअर. खग्रास ग्रहणात चंद्राच्या कडेला क्षणभर जी गुलाबी-लाल रेघ दिसते ती हीच. तिच्यावर कधीकधी लाल कमानी उभ्या दिसतात. चुंबकीय रेषांच्या झोळीत तोलून धरलेला, तुलनेने थंड प्लाझ्मा म्हणजे या कमानी, सौरशृंगं. त्या आठवडेच्या आठवडे टिकू शकतात.

या कमानींचा कोकणाशी संबंध आहे, आणि तो जरा नीट सांगायला हवा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. कमानींचा प्रकाश वर्णपटात पसरवला तेव्हा तेजस्वी रेघा दिसल्या, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या होत्या हे ठरलं. त्यातली एक पिवळी रेघ कुठल्याच माहितीच्या मूलद्रव्याशी जुळेना. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच, ती पाहिली आणि पुढे ते मूलद्रव्य ग्रीक सूर्यदेवावरून हेलियम झालं. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं.

विजयदुर्गावर साहेबाचे कट्टे नावाचे चौथरे आहेत आणि लॉकयर यांनी हेलियम तिथूनच शोधला असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. दिवस बरोबर आहे, माणूसही बरोबर आहे, पण दोघांची गाठ तिथे पडलेली नाही. लॉकयर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. मला विचाराल तर ही खरी हकीकत दंतकथेपेक्षा सरस आहे. एकाच दुपारी एक साहेब किल्ल्यावर, एक पारशी प्राध्यापक माळरानावर, आणि दोघांच्या दुर्बिणी एकाच किरीटावर रोखलेल्या.

किरीट म्हणजे करोना. शब्दाचा अर्थच मुकुट. २०२० नंतर हा शब्द ऐकला की वेगळंच काही आठवतं, पण विषाणूला ते नाव त्याच्या काट्यांच्या मुकुटासारख्या कडेवरून मिळालं. खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राभोवती जी मोतिया रंगाची प्रभा पसरते, ती सूर्याची किरीट.

इथे एक कोडं आहे. चुलीपासून दूर गेलं की ऊब कमी होते. सूर्यावर उलट घडतं. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि त्याच्या हजारो किलोमीटर वरची किरीट दहा-वीस लाख अंश. १९४० च्या सुमारास हे कळलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. संशय पुन्हा पिळावरच आहे. किरीटीतल्या रेषांचे लहान लहान पीळ सतत तुटतात आणि त्यांची ऊर्जा तिथे मुरते, किंवा खालच्या रटरटण्यामुळे रेषांवरून लाटा वर जातात आणि तिथे फुटतात. कदाचित दोन्ही. कशाचा वाटा किती, यावर अजून भांडण चालू आहे.

एवढी तापलेली किरीट सूर्याला धरून ठेवता येत नाही. ती सतत बाहेर वाहत असते, सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने, सगळीकडे. हा सौरवारा. यूजीन पार्कर या तरुणाने १९५८ मध्ये तसं गणित मांडलं तेव्हा लेख तपासणाऱ्या दोघांनी तो नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडली नाही म्हणून त्यांनी लेख छापला. पार्कर यांच्याच नावाचं यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरांवरून गेलं. म्हणजे ते किरीटीतच शिरलं होतं.

आता बातम्यांतला तो लाडका शब्द, ‘सौरवादळ’. आपली वाहिन्यांवरची मंडळी तीन वेगवेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतात आणि घोळ तिथे होतो. पिळलेल्या रेषा ताणून ताणून एका क्षणी तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. फार पीळ घातलेला रबर हातातून सटकावा तशी साठलेली ऊर्जा मोकळी होते. त्यातून पहिल्यांदा निघतो प्रकाशाचा लखलखाट, ती सौरज्वाला. क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून तिला ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या दिलेल्या आहेत आणि पुढची प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एक्स ही शेवटची, तिच्यापुढे आकडे वाढत जातात. ३ ऑक्टोबर २०२४ ची ज्वाला एक्स ९ होती. ज्वाला दिसते तेव्हा ती पोहोचलेलीच असते, कारण तो प्रकाशच आहे. ‘उद्या सौरज्वाला आदळणार’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक. दुसरे असतात वेगवान कण. ते अर्ध्या तासापासून काही तासांत येतात आणि अंतराळवीरांना, उपग्रहांना त्रास देतात. तिसरा असतो किरीटीतून सुटलेला ढगासारखा लचका, अब्जावधी टन प्लाझ्मा आणि सोबत स्वतःचं चुंबकत्व. किरीट-उत्सर्जन म्हणा किंवा शास्त्रज्ञ म्हणतात तसं सीएमई. त्याला यायला एक ते तीन दिवस लागतात. सुतळी बॉम्ब फुटला की उजेड आधी दिसतो, ठिणग्या मागून अंगावर येतात आणि धूर सावकाश गच्चीपर्यंत पोहोचतो, तसा हा क्रम. मोठी गडबड करतो तो धूर.

याचा सगळ्यात मोठा नोंदलेला प्रसंग १८५९ चा. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन डागांची चित्रं काढत होते. कशी? दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा काचेवर पाडून, थोडक्यात आमचाच कवडसा, जरा मोठा. डागांच्या एका झुंडीवर अचानक दोन पांढरे तेजस्वी ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विझले. माणसाने पाहिलेली ही पहिली सौरज्वाला.

साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरला मुंबईत सकाळचे दहा वाजून गेले असतील, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतले टांगलेले चुंबक भरकटले. तिथे तेव्हा माणसं यंत्राशी बसून चुंबकाचं वाचन वहीत उतरवत. एरवी तासाला एकदा, खळबळ दिसली की पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनीही. त्या दिवशी क्षितिजसमांतर चुंबकत्वात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची (चुंबकत्वाचंच एक लहान एकक) घसरण झाली. मुंबईच्या एरवीच्या आकड्याच्या साधारण चार टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं ना? मे २०२४ च्या गाजलेल्या वादळाचा जागतिक निर्देशांक, म्हणजे वेगवेगळ्या वेधशाळांतल्या घसरणीची सरासरी, ४०० च्या थोडा पुढे गेला होता. हे दोन आकडे एकाच फूटपट्टीचे नाहीत आणि कुलाब्याची सगळी घसरण कशामुळे झाली यावर मतभेद आहेत, पण अंदाज यायला हरकत नाही. युरोपातल्या मोठ्या वेधशाळांत यंत्रच चुंबकाची रेघ आपोआप उमटवत असे, ती कागदाबाहेर निघून गेली होती. वहीत आकडे लिहीत बसलेल्या कुलाब्याच्या माणसांकडे मात्र वादळाचा चढउतार राहिला, आणि २००३ मध्ये मुंबईच्या भूचुंबकत्व संस्थेतल्या व अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच वह्यांवरून त्या वादळाचा जोर काढला.

पुढे मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. तारांतल्या विजेने चुंबक बिघडले असते, म्हणून वेधशाळेचा चुंबकीय विभाग १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला गेला. इमारतीत लोखंड टाळलं. अलिबागला लोक किनाऱ्यावर जातात, कुलाबा किल्ला बघतात आणि परततात. किनाऱ्यालगतच्या त्या आवारात सूर्याची नाडी शंभराहून जास्त वर्षं मोजली जातेय, हे फारसं कोणाच्या गावी नसतं.

१८५९ च्या त्या वादळात तारघरांत कामगारांना झटके बसले आणि काही तारा तर बॅटरी काढून टाकल्यावरही चालत राहिल्या. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. असं होतं कारण सीएमई पृथ्वीचं चुंबकत्व हलवतं आणि हलतं चुंबकत्व लांबलचक तारांत वीज निर्माण करतं, सायकलच्या डायनॅमोसारखं. हा त्रास ध्रुवांकडे जास्त. महाराष्ट्रात गल्लीतली वीज गेली तर सूर्याला दोष देऊ नका. आपल्याला फटका बसला तर तो जीपीएसला, विमानांच्या रेडिओला, उपग्रहांना. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले गावातून आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, भारतातून क्वचितच मिळणारं दृश्य.

प्रत्येक सीएमई वादळ का आणत नाही? दिशेमुळे. पृथ्वीचं चुंबकत्व बाहेरच्या बाजूला उत्तरेकडे रोखलेलं असतं. आलेल्या ढगाचंही उत्तरेकडे असेल तर तो बराचसा घसरून निघून जातो. दक्षिणेकडे असेल तर दार उघडतं. आणि ही दिशा तो जवळ येईपर्यंत नीट कळत नाही. म्हणून इशारे कधीकधी फुसके निघतात. दिशा कळते ती ढग पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरांवरच्या एल-१ बिंदूपाशी, म्हणजे सूर्य-पृथ्वीच्या ओढीत यान टिकून राहू शकतं त्या जागी आला की, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास आधी.

त्या बिंदूभोवती जानेवारी २०२४ पासून आपल्या इस्रोचं आदित्य एल-१ हे यान फिरतंय. ते सूर्याजवळ गेलेलं नाही, त्याने वाटेचा फक्त शंभरावा भाग कापलाय. पण तिथून सूर्य कधी मावळत नाही. त्याच्यावर सात उपकरणं आहेत. त्यातलं सूट हे अतिनील प्रकाशात दीप्तिगोल आणि वर्णगोलाची छायाचित्रं घेतं, आणि ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलंय. या प्रकाशाचा बराचसा भाग ओझोनच्या थरामुळे खाली येतच नाही, त्यामुळे पुण्यात बनलेल्या या दुर्बिणीला पुण्यातून तो दिसला नसता.

घरच्या घरी डाग बघायचे असतील तर कौलातला कवडसा पुरत नाही, चित्र फार धूसर असतं. साधी द्विनेत्री घ्या, एका भिंगावर झाकण ठेवा, दुसऱ्यातून सूर्याची प्रतिमा मागे धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडा. द्विनेत्रीतून सूर्याकडे बघायचं नाही, एक क्षणही नाही, आणि पोरांना एकटं सोडायचं नाही. दर मिनिटभराने ती बाजूला वळवा, नाहीतर आतून तापते. कागदावर वाटीने एक वर्तुळ आखा, प्रतिमा त्यात बसवा, ठिपके दिसले तर पेन्सिलीने टिपा आणि तारीख घाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. ठिपके थोडे सरकलेले असतील. दोन आठवड्यांत ते एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातात आणि दिसेनासे होतात. डाग मोठा असला, तर आणखी दोन आठवड्यांनी तो पहिल्या कडेला पुन्हा हजर होतो.